नंतर दाह ओसरतो

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. शरीरात दाह कसा होतो, हा त्यातला माझा विशेष आवडीचा भाग. फळ्यावर चार शब्द एकाखाली एक लिहायचे, लाली, उष्णता, सूज, वेदना. वर्गात कोणी ना कोणी गाडीवरून पडलेलं असतंच. त्याचं कोपर सगळ्यांना दाखवायचं. मग रक्तवाहिन्या कशा रुंदावतात, पांढऱ्या पेशी कशा धावत येतात, पू कशाचा होतो, हे सगळं हातवारे करून सांगायचं. तासाचा जवळजवळ सगळा वेळ आग लागण्यातच जायचा. घंटा व्हायच्या बेतात असताना मी शेवटचं वाक्य लिहून द्यायचे, ‘नंतर दाह ओसरतो.’ मुलं ते लिहून घ्यायची आणि मी हातावरची खडूची भुकटी झटकून बाहेर पडायचे.

तो कोण ओसरवतं, कसा ओसरवतं, हे इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, तसा दाहही आपला आपण ओसरत असेल, असं मी धरून चालले होते. ही समजूत चुकीची आहे, हे मला माझ्या थोरल्या भावाच्या फुप्फुसांमुळे कळलं.

आमचं गाव मिरजगावच्या बाजूला, सगळी जिरायत जमीन. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दहावीनंतर त्यानं पुस्तकं माळ्यावर टाकली आणि नगरला लागून असलेल्या नागापूरच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला लागला. पुढे मी शिकायला नगरला आले, इथेच नोकरीला लागले आणि इथेच राहिले. दर रविवारी दुपारचं जेवण दादाकडे, हा आमचा नेम. वहिनी शेंगोळे करायची, दादा माझी थट्टा करायचा. मला तो ‘मास्तरीण’ म्हणायचा. मी प्राध्यापक आहे हे मी सांगायचे आणि तो म्हणायचा, “व्हय का, मास्तरीणबाई?”

त्याचं काम असं होतं. फाउंड्रीत वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. ते गार झालं की साचा फोडतात आणि आतला भाग बाहेर काढतात. त्याला जागोजागी वाळू चिकटून भाजलेली असते. ती ग्राइंडर लावून घासून काढायची. दादानं उमेदीची सगळी वर्षं ती वाळू घासली. घरी यायचा तेव्हा भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. वहिनी त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसे. आधी अंगणात कपडे झटकायला लावायची.

शिफ्ट सुटली की त्यांच्या गेटजवळ टेबलावर एक परात ठेवलेली असायची, गुळाच्या खड्यांची. प्रत्येकानं एक खडा उचलायचा आणि चघळत बाहेर पडायचं. गूळ उतरताना छातीतली धूळ सोबत घेऊन जातो, हा तिथल्या सगळ्यांचा पक्का समज. हा रिवाज कोणी सुरू केला ते कोणालाच सांगता येत नव्हतं. कंपनी मास्कही द्यायची, नाही असं नाही. पण तो घामानं गालाला चिकटायचा, त्यात जीव कोंडायचा, शेजारच्याला हाक मारता यायची नाही. त्यामुळे मास्क खुंटीला आणि गूळ तोंडात, असं चालायचं. मालकालाही त्यात सोय होती, कारण गुळाच्या परातीला फिल्टर बदलावा लागत नाही.

आता माझ्याबद्दल. अन्ननलिका वेगळी आणि श्वासनलिका वेगळी, हे मी दरवर्षी आकृती काढून शिकवते. गूळ पोटात जातो. वाळूची बारीक धूळ फुप्फुसाच्या पार टोकाच्या वायुकोशांत जाते. दोघांच्या वाटा घशातच फुटतात, त्यांची पुन्हा गाठ पडत नाही. हे सगळं येत असून मी काय करायचे? दर हंगामात श्रीगोंद्याच्या बाजूला एका ओळखीच्या गुऱ्हाळावर जाऊन दादासाठी बिनरसायनाच्या गुळाची ढेप आणायचे. कंपनीतला गूळ हलका असतो म्हणून. शिकलेली बाई होते मी. अडाणीपणा करायचा तोही चांगल्या प्रतीचा.

तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

एका वर्षी त्यांच्या कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. बाहेरचा पाहुणा हवा होता. दादानं सुपरवायझरला माझं नाव सुचवलं, बहीण कॉलेजात शिकवते म्हणून. मी धुळीवर भाषण तयार केलं, दोन पानं लिहून नेली. शेडमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पहिल्या रांगेत दादा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. मी मास्कपासून सुरुवात केली आणि दोन मिनिटांत समोरचे चेहरे पडले. मागे जांभया सुरू झाल्या. एकानं मोबाईल काढला. दादा चुळबुळ करायला लागला. रोज वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला समोरचे लोक हातातून निसटताना लगेच कळतं आणि ते सहन होत नाही. मी कागद घडी करून बाजूला ठेवला.

“मास्क तुम्ही घालणार नाही, हे मला ठाऊक आहे,” मी म्हणाले. “माझा सख्खा भाऊच घालत नाही, तर तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?” शेड हसली. दादा लाजून मागे बघायला लागला. मला जोर चढला. “पण गूळ मात्र सोडू नका. गुळात लोह असतं, गुळानं कफ सुटतो. जुन्या लोकांनी काही तरी बघूनच हे सुरू केलं असणार.” टाळ्यांचा नुसता कडकडाट. शाल, नारळ, फोटो. त्या फोटोला दादानं चौकट करून घेतली आणि टीव्हीच्या वर लावली.

मी खोटं बोलले नाही, अशी स्वतःची समजूत मी पुष्कळ वेळा घालून पाहिली आहे. गुळात लोह असतं. कोमट पाण्याबरोबर घेतला तर घशाला बरंही वाटतं. पण ती माणसं माझं बोलणं लोहासाठी ऐकत नव्हती. मास्क नसला तरी चालेल, असं एका शिकलेल्या बाईनं सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी ते टाळीच्या बदल्यात देऊन टाकलं. त्या दोन वाक्यांची मला आजही घाण वाटते.

दोन वर्षांपूर्वी दादाला खोकला लागला. आधी हवा बदलली म्हणून, मग थंडी म्हणून, मग घसा धरला म्हणून. कोरडा खोकला, संपायचं नाव नाही. जिना चढला की पहिल्या वळणावर थांबून तो भिंतीवरची घरमालकाची पाटी वाचल्यासारखं करायचा. आधी टीबी समजून गोळ्या झाल्या. त्या संपल्या तरी फरक पडेना. दिवाळीनंतर नगरमधल्या एका छातीच्या डॉक्टरांकडे मी त्याला घेऊन गेले.

तेव्हा मीही लंगडत होते. दिवाळीला गावी गेले असताना बांधावर बाभळीचा काटा टाचेत मोडला होता. पाय सुजून लाल झालेला, हात लावला तर गरम. माझे चारही शब्द माझ्याच टाचेत हजर होते. डॉक्टरीण तरुण होत्या, शांत. त्यांनी दादाला काय काम करता ते विचारलं आणि त्याचं उत्तर पूर्ण व्हायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की काही खरं नाही. स्कॅन झाला. मग दादाला श्वासाच्या तपासणीला पाठवून त्यांनी मला बसायला सांगितलं.

“मॅडम, तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? दाह संपतो कसा, ते माहीत असेल तुम्हाला.”

“ओसरतो,” मी म्हणाले. त्या पुढचं ऐकायला थांबल्या.

त्यांनी माझ्या टाचेकडे बोट केलं. काटा शिरल्यावर काही तासांत तिथे ज्या पांढऱ्या पेशी धावत आल्या त्या लढायला आलेल्या. त्या जंतू खातात, आजूबाजूची बरीच नासधूस करतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. पण त्या मेल्यामुळे दाह संपत नाही. मेलेल्या पेशी तिथेच फुटल्या तर उलट जास्त भडका उडेल. मधेच कधी तरी हुकूम बदलतो. ज्या पेशी ‘या, या’ असे निरोप सोडत होत्या, त्याच आता ‘बस झालं, नवे कोणी येऊ नका’ असे वेगळे रेणू बनवायला लागतात. मग मोठ्या भक्षक पेशी येतात आणि मेलेल्या शिपायांना एकेक करून, फुटू न देता, अख्खं गिळतात. ते गिळतानाच त्यांचा स्वतःचा स्वभाव पालटतो. त्या चिडायच्या थांबतात आणि डागडुजीला लागतात. साचलेलं पाणी लसीकावाहिन्या ओढून नेतात. “म्हणजे दाह आपोआप विझत नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तो विझवावा लागतो. पेटवण्याइतकंच ते कष्टाचं काम आहे. आणि काटा आतच राहिला तर ते काम पुरं होत नाही.”

“दादाच्या आतला काटा?”

“वाळू.”

मग त्यांनी ते समजावून सांगितलं. फुप्फुसात शिरलेला वाळूचा कण भक्षक पेशी गिळते. पचवायला बघते. तो पचत नाही. ज्या पिशवीत पचवायचं, ती पिशवीच त्या कणानं फाटते, आतली पाचक रसायनं पेशीतच सांडतात आणि पेशी मरते. मरताना ती मदतीची हाक देते. कण मोकळा होतो, जसाच्या तसा. हाकेला धावून आलेली दुसरी पेशी तो गिळते. मग तीही मरते. विझवायला येणारी प्रत्येक पेशीच आगीत भर घालत राहते आणि शरीर बिचारं निरुपायानं तिथे चिवट धाग्यांचे व्रण घालत राहतं. व्रण श्वास घेत नाहीत. दादानं काम सोडलं तरी आत गेलेले कण तिथेच राहणार होते.

सुजेच्या गोळ्या, स्टेरॉइड, असं काही मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ऑक्सिजन लागेल तसा द्यायचा, जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही, टीबी होत नाही ना, यावर लक्ष ठेवायचं, एवढंच हातात होतं.

बाहेर बाकावर दादा बसला होता. तपासणीत जोरात फुंकून फुंकून दमला होता.

“काय म्हनली डाक्टरीन?”

माझ्या तोंडून वर्गातलं वाक्य निघून गेलं. “दाह आहे. ओसरेल नंतर.”

“तू म्हनतीस म्हंजी ओसरंल,” तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

माझी टाच आठ-दहा दिवसांत बरी झाली. आधी गरमपणा गेला, मग लाली, मग सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्या. मोडलेलं टोक पुवाबरोबर आपलं आपण बाहेर आलं. शेवटी टाचेचं पापुद्र्यासारखं कातडं सुटलं आणि खाली नवं, गुलाबी निघालं. एरवी मी हे वर्गात कौतुकानं सांगितलं असतं. त्या दिवसांत मला माझ्या पायाचा राग आला. एका क्षुल्लक काट्यासाठी एवढी शिस्त, एवढी सफाई. एकाच आईच्या पोटचे आम्ही दोघं, आणि त्याच्या फुप्फुसातल्या त्याच पेशी, तेच काम, तितक्याच इमानानं करताना मरत होत्या.

हिवाळा संपेपर्यंत दादाचं काम सुटलं. उन्हाळ्यात खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घरघरत असतं. वहिनी त्या घरघरीतूनही कुकरच्या शिट्ट्या ऐकायला शिकली. दादाला आडवं झोपता येत नाही. दोन उशा मांडीवर घेऊन त्यावर वाकून बसतो. दर रविवारी विचारायचा, “कवा ओसरतंय गं?” मी म्हणायचे, वेळ लागतो. वेळ लागतो हे वाक्य खोटं आहे, हे कळण्याइतका तो हुशार आहे, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणायचे.

मागच्या महिन्यात एका रविवारी त्यानं विचारलंच नाही. जेवण झालं, वहिनी भांडी घासायला गेली, तो नुसता खिडकीतून बघत बसला. न विचारणं मला विचारण्याहून जड गेलं. मी त्याच्या खाटेशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. वाळूचं, पेशींचं, ओसरणार नाही हेही. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं, हे सांगितलं. मग सुरक्षा सप्ताहातल्या भाषणाचं सांगितलं. टाळ्या मिळाव्यात म्हणून मी ते बोलले, असं स्पष्ट सांगितलं आणि मग मला रडू आलं. वर्गात कडक म्हणून नाव असलेली मी, भोकाड पसरून रडले.

दादानं मला रडू दिलं. त्याला बोलायला वेळ लागतो, तीन-चार शब्दांनंतर थांबावं लागतं.

“गुळाचं मला ठाव हुतं,” तो म्हणाला. “माज्या आदी दोघं हुते त्या ग्राइंडरवर. दोघंबी गूळ खायाचे. दोघंबी गेले.”

“मग मास्क का नाही घातलास?”

“घातला की. सा म्हैने. हात हळू चालतो. सुपरवायझर वरडायचा.” तो थांबला. “मग दिला टाकून.”

“आणि माझ्या भाषणाला टाळ्या का वाजवल्यास? माहीत होतं तर?”

“तू स्टेजवर हुतीस,” तो म्हणाला, आणि मला वाटलं की तो हसतोय. मला क्षणभर सुटल्यासारखं झालं. त्याला माहीत होतं. माझ्या बोलण्यानं त्याचं काही बिघडलं नव्हतं. ते सुटणं किती गोड होतं ते मी लपवणार नाही.

त्यानं श्वास गोळा केला.

“पर बाकीच्यांना न्हवतं ठाव,” तो म्हणाला. “त्यांनी तुजं ऐकलं.”

त्यानं सावकाश सांगितलं. एक माणूस होता, दादाहून बराच लहान, दादाच्याच हाताखाली शिकलेला. नवीन लग्न झालेलं, बायकोनं दम भरला म्हणून तो इमानानं मास्क घालायचा. बाकीचे त्याला हसायचे. माझ्या भाषणानंतर दुसऱ्या दिवशी त्यानं मास्क खुंटीला लावला तो कायमचा. “म्हनला, मॅडमच म्हनल्या. आता बायकूला काय सांगायचं त्ये मिळालं.” तो आता त्याच ग्राइंडरवर आहे, दादाच्या जागी. मागे दादाला भेटायला आला होता, तेव्हा खोकत होता.

“मी सांगितलं त्याला, सोड म्हनून,” दादा म्हणाला. “त्यो म्हनला, तुमाला टीबी झाल्ता. मला न्हाई.” पुन्हा थांबला. “तू जा.”

“मी?”

“माजं न्हाई ऐकत. तुजं ऐकलं हुतं.”

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी गेले. नागापुरातच, दादाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्या. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. अजून उशीर झालेला नसेल. आत गेलेलं निघणार नाही, पण नवं जाणं तरी थांबेल. तपासणी करून घ्या, काम बदलून मागा. वर्गासाठी तयारी करतात तशी मी तयारी केली होती.

दार बायकोनं उघडलं. मला बघून तिचा चेहरा फुलला. “अगंबाई, मॅडम! तुमी त्या दिवशी कंपनीत बोलल्या हुत्या ना? ह्यांनी फोटो दावलाय मला. या, बसा की.” तिनं खुर्ची पुसली, पाणी आणलं. तो नुकताच शिफ्टवरून आलेला. हातपाय धुवायच्या आधीच बाहेर आला, भुवया पांढऱ्या, आणि हात जोडायच्या आत त्याला खोकल्याची ढास लागली. कोरडा खोकला. तो मला चांगलाच ओळखीचा होता.

बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे वळली. “आता तुमीच सांगा, मॅडम. ह्यांचा खोकला कवा थांबंल?”

मी जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

“थांबणार नाही,” मी म्हणाले. “हे काम उद्यापासून बंद करा. मी तेव्हा चुकीचं सांगितलं होतं. मास्क काढायला नको होता.”

बायकोचा हात त्याच्या पाठीवर होता तिथेच थांबला. तो खाली जमिनीवर बसला, माझ्यासमोर, अंगावरची धूळ न झटकता.

“आन् हे आता सांगताय व्हय, मॅडम?” तो म्हणाला.